मागचा बंक

व्हॅन आधी थोडी मागे सरकली, मग वळली आणि मोटरवेकडे जाणाऱ्या उताराला लागली, तेव्हा मधुमती रेगे सर्व्हिसेसच्या, म्हणजे मोटरवेलगतच्या चहा-पेट्रोलच्या थांब्याच्या, काचेच्या दाराशी उभी होती. टॉयलेटमधलं हात वाळवायचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून ओले हात झटकत ती बाहेर येत होती. व्हॅन फार लांब नव्हती. मध्ये एक कचऱ्याचा डबा, दोन उभ्या गाड्या आणि थोडी रिकामी जागा, एवढंच. शशिधरच्या बाजूची काच खाली होती आणि त्याचं कोपर बाहेर आलेलं तिला दिसलं. सुट्टीभरच्या उन्हाने ते रापलं होतं. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. नुसता हात वर केला असता तरी आरशात दिसला असता. काचेचं दार तिच्यासाठी आपोआप उघडलं, ती पुढे आली नाही म्हणून मिटलं, ती तिथेच आहे असं कळून पुन्हा उघडलं. उताराच्या टोकाशी व्हॅनचा मागचा लाल दिवा एकदा लागला आणि विझला. मग मध्ये एक मोठी लॉरी आली, आणि लॉरी गेल्यावर तिथे नुसता रस्ता होता.

आता आपल्याला भीती वाटेल, असं तिला वाटलं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपण बोटाने दाबून बघतो, तशी आत कुठे काही लागतंय का ते ती बघत राहिली. काही लागत नव्हतं. डोव्हरच्या बोटीवर सुरू झालेली अर्धशिशी तेवढी उजव्या डोळ्यामागे होती, आणि तीही आता जरा लांब सरकल्यासारखी. बोटीतून उतरल्यापासून ती व्हॅनच्या मागच्या झोपायच्या बंकावर पडद्याआड पडून होती. व्हॅन त्यांची नव्हती. शशिधरच्या हॉस्पिटलातला त्याचा मित्र, स्टॅनमोरचा जयंत, त्याने ही कॅम्पर व्हॅन जर्मनीच्या लग्नासाठी त्यांना वापरायला दिली होती, आणि तपकिरी फुलांचा तो पडदा जयंतच्या बायकोने शिवला होता. इथे गाडी थांबली, शशिधर पेट्रोलचे पैसे द्यायला गेला, अतुल आणि मीनल क्रिस्प्स आणायला पळाली, आणि मधुमतीला उलटी होईलसं वाटलं म्हणून ती मागच्या दाराने उतरली. सांगायला गाडीत कोणी नव्हतंच. उतरताना तिने पडदा पुन्हा ओढून घेतला. आतली विस्कटलेली दुलई उघड्यावर दिसू नये एवढाच हेतू असावा. मुलं परत आली असतील, शशिधरने ओठांवर बोट ठेवून पडद्याकडे खूण केली असेल, आई झोपलीय, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हलक्या हाताने लावलं असेल. त्यांनी काळजीच घेतली होती.

सबंध प्रवासात गाडी सुरू होण्याआधी ‘सगळे आले का?’ हे विचारायचं काम तिचं. ब्रूजला कालव्याकाठी, कोलोनच्या कॅथीड्रलसमोर, मोझेल नदीच्या काठच्या कॅम्पसाइटवर तंबूचे खुंटे उपटून झाल्यावर, दरवेळी तिने मान मागे वळवून विचारलं होतं आणि अतुलने दरवेळी म्हटलं होतं, ‘आई, आम्ही दोघंच आहोत, कमॉन.’ आज ते विचारणारं माणूस गाडीत नव्हतं, म्हणून कोणी विचारलं नाही. यात कोणाची चूक काढावी ते तिला समजेना, आणि काढावीशीही वाटेना. लहानपणी मिरजेला गाडी बदलताना वडील पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन फलाटावर उतरायचे, तेव्हा खिडकीच्या गजांना धरून ती थरथर कापत असायची. गाडी सुटली तर? वडील राहिले तर? आई शेजारी बसून निवांतपणे लसणीची चटणी पोळीला लावत म्हणायची, ‘येतील गं.’ त्या वेळची भीती इतकी खरी होती की तिला गजांच्या लोखंडाचा वास अजून आठवत होता. तीच मुलगी ही, हे पटवून घ्यायला तिला आता प्रयत्न करावा लागला.

टेलिफोनच्या खोक्यापाशी जाईपर्यंत तिच्या लक्षात आलं की पर्स व्हॅनमध्ये आहे. कार्डिगनच्या खिशात जर्मन फेनिगची नाणी होती, ती इथे चालणार नव्हती. तिने शंभर नंबर फिरवला आणि ऑपरेटरला सांगितलं, वॉटफर्डला रिव्हर्स चार्जेस, पैसे तिकडच्यांनी द्यायचे. घंटी वाजत राहिली. घरी कोणी नव्हतं, अर्थातच. व्हॅन अजून मेडस्टनसुद्धा ओलांडून गेली नसेल. जिन्याखालच्या टेबलावर तो फोन एकटा वाजतोय, दाराखालून आत पडलेली सुट्टीभरची पत्रं समोर तशीच आहेत, स्वयंपाकघरातलं घड्याळ चालू आहे, हे सगळं तिला फार स्पष्ट दिसलं, आणि ते घर तिला आवडलं. नो रिप्लाय, ऑपरेटर म्हणाली. काउंटरवरच्या मुलीला सांगता आलं असतं, पोलिसांना फोन करवता आला असता, पुढे कुठेतरी ती व्हॅन थांबवता आली असती. मधुमती आत जाऊन खिडकीपाशी बसली.

बाहेर सुट्टीवरून परतणाऱ्या गाड्या येत होत्या, छपरांवर सायकली, तंबू, उलट्या घातलेल्या खुर्च्या. मागच्या हिवाळ्यात तिच्या भावाचा, श्रीनिवासचा, पुण्याहून फोन आला तेव्हाही ती अशीच खिडकीपाशी होती. आई गेली होती. ‘तू आता येऊ नकोस, ताई,’ श्रीनिवास म्हणाला होता, ‘सगळं आवरलंय. तुला तिकीट मिळेपर्यंत काही उरणार नव्हतं.’ तिने विचारलं होतं, जेवलास का? आणि फोन ठेवून मुलांना आमटीभात वाढला होता. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वेळेवर गेली आणि नेहमीसारख्या बश्या उघडून कुठे कोणते जंतू वाढलेत ते बघत बसली. शशिधरने त्या आठवड्यात तिला दोनदा विचारलं, ‘तू ठीक आहेस ना?’ ती ठीक होती. रडू नंतर येईल असं तिला वाटलं होतं. मग ख्रिसमस आला, मग अतुलच्या परीक्षा, मग गिरीशचं लग्न.

गिरीश म्हणजे शशिधरचा धाकटा भाऊ. फ्रायबुर्गजवळच्या एका गावात कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर त्याने तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या रेनाटेशी लग्न ठरवलं आणि फोनवर लहान मुलासारखा लाजला. सासूबाई हयात नव्हत्या, तेव्हा वरमाय मधुमती. विमानाने जाऊन लग्न लावून परत येणं शशिधरला पटेना. ‘जातोच आहोत तर युरोप बघू,’ तो म्हणाला, ‘अतुल पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीला जाईल. मग कुठला येतोय आपल्याबरोबर?’ नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले गेले. तिने पुरणपोळ्या करून, गोठवून, थंड पेटीत भरल्या, आणि त्या पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं. हा झाकणाचा प्रश्न तिच्याबरोबर सबंध युरोपभर हिंडला.

हळद लागली ती कॅम्पसाइटच्या धुण्याच्या खोलीत. गिरीशच्या फ्लॅटमध्ये रेनाटेचे नातेवाईक उतरलेले होते आणि गिरीशला हौस होती की वहिनीनेच हळद लावावी. मग तो टॉवेल गुंडाळून बेसिनपाशी स्टुलावर बसला, मीनलने वाटी धरली, अतुल दारात उभा राहून ‘धिस इज सो एम्बॅरसिंग’ म्हणत फोटो काढत राहिला, आणि मधुमतीने रेशमी साडीचा पदर खोचून दिराच्या कपाळाला, खांद्यांना, गुडघ्यांना हळद लावली. पांढरंशुभ्र बेसिन पिवळं झालं. कॅम्पसाइटचा जाडजूड मालक एक ब्रश आणि एक भुकटीचा डबा घेऊन आला आणि काही न बोलता तिच्यासमोर ठेवून गेला. तिने साडीतच बेसिन घासलं. सगळे इतके हसले की मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मधुमतीही हसली. आपलं हसू बाहेर पडताना तिने ऐकलं, ठीक होतं, कोणाला वेगळं वाटण्यासारखं काही नव्हतं. लग्न गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं, आणि नेमकी तिथेच आत विस्तव पेटवायची परवानगी नव्हती. होम बाहेर पावसात, छताखाली, मांस भाजायच्या पत्र्याच्या तव्यात झाला. अंतरपाट म्हणून धरलेल्या चादरीचं एक टोक अतुलच्या हातात, दुसरं रेनाटेच्या भावाच्या. मंगलाष्टकं कॅसेटवर. अक्षता पडल्या, गिरीश येऊन तिच्या पाया पडला आणि वाकलेलाच राहिला. ‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘तुम्ही आलात म्हणून आई आल्यासारखं वाटलं.’ त्याच्या पापण्यांना हळदीचा कण लागला होता. सुखी राहा, असं म्हणत तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, पेटीचं झाकण लावलंय का?

‘इथे कोणी बसलंय का, डिअर?’

समोर एक म्हातारी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बसली. नाव मिसेस हॉब्ज. कँटरबरी बघून समुद्रकाठच्या ईस्टबोर्नला निघालेल्या कोचमधली. पेन्शनर लोकांची सहल होती. तिने चहा ओतला, मधुमतीकडे कप नाही हे पाहून जाऊन दुसरा आणला, आणि तिच्यापुढे अर्धा बन सरकवला. ‘तुम्हीपण कोचबरोबरच का?’ मधुमती हो म्हणाली. कुठल्या, हे त्या बाईने विचारलं नाही. मिसेस हॉब्जला सांगायचंच जास्त होतं: कॅथीड्रलच्या पायऱ्या, गुडघे, कॅनडातला मुलगा, त्याची दुसरी बायको. मधुमती ऐकत होती आणि बन खात होती. बन गोड होता, त्यात मनुका होत्या, आणि कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी चवीचं लागत होतं. ‘आणि तुम्हाला? मुलंबाळं?’ मिसेस हॉब्जने विचारलं.

‘नाही,’ मधुमती म्हणाली.

चहात साखर नको म्हणावं तितक्या सहज ते आलं. म्हातारीने तिच्या हातावर हात ठेवला, काही हरकत नाही अशा अर्थाने. तो हात कोरडा आणि उबदार होता. मधुमतीने आपलाच आवाज मनात पुन्हा एकदा ऐकून बघितला. त्यात कुठे चरा नव्हता. ती बाहेरच्या कारपार्ककडे बघत राहिली, आणि जी रिकामी जागा त्यांच्या व्हॅनची होती तिथे आता एक निळी गाडी उभी होती.

कोच सुटायची वेळ झाली तेव्हा ती मिसेस हॉब्जची पिशवी धरून बाहेर गेली. म्हातारी माणसं एकेक करत कोचमध्ये चढत होती. आत खिडक्यांतून उन्हं आली होती, सीटच्या पाठींवर पांढरे रुमाल होते, पुढे कोणीतरी पेपरमिंट वाटत होतं. मागच्या दोन सीट रिकाम्या. मिसेस हॉब्जला हात देता देता मधुमतीचा एक पाय पायरीवर गेला आणि तिथेच राहिला. ड्रायव्हरने वर न बघता विचारलं, ‘यू विथ अस, लव्ह?’ समुद्रापर्यंत फार तर दोन तास. तिथे संध्याकाळी कठड्यापाशी उभं राहायचं. पुढचं काही तिच्या मनात आलं नाही. पुढचं असं काही नव्हतंच. ‘नो,’ ती म्हणाली आणि पाय खाली घेतला. कोणी ओढून घ्यावा तसा तो पाय खाली आला. मिसेस हॉब्जने काचेतून हात हलवला. तिला बहुधा वाटलं, ही आपल्या कोचकडे चालली.

मग तिने पुन्हा फोन केला. घंटी दोनदाच वाजली आणि अतुलचा आवाज आला, धापा टाकत. बॅगा आत आणत असणार. केंटहून मिसेस रेगे बोलताहेत, ऑपरेटर म्हणाली, कॉलचे पैसे तुम्ही देणार का? मधुमतीला सगळं ऐकू येत होतं.

‘सॉरी?’ अतुल म्हणाला. ‘नो, नो. देअर्स सम मिस्टेक. माय मम इज हिअर. शी’ज अस्लीप इन द व्हॅन.’

आणि त्याने फोन ठेवला.

‘ते घेत नाहीयेत, लव्ह,’ ऑपरेटर म्हणाली. ‘पुन्हा लावू?’ मधुमती म्हणाली, असू दे. फोन जागेवर ठेवून ती त्या खोक्यातच थोडा वेळ उभी राहिली. मुलाचा आवाज खात्रीचा होता, सभ्य होता. ती व्हॅनमध्ये होती. वॉटफर्डच्या घरासमोर, पडद्याआड, दुलईखाली एक मधुमती गाढ झोपली होती, आणि तिच्यासाठी हळू बोलणारी माणसं अवतीभवती वावरत होती. इथे जी उभी होती तिच्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नव्हतं. असं किती वर्षं चाललं असेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला, वाहत्या रस्त्यावरच्या गाडीसारखा, आणि ती त्याच्याकडे तटस्थपणे बघत राहिली.

ती पुन्हा आत खिडकीपाशी येऊन बसली होती, आणि छतातल्या कर्ण्यातून बराच वेळ कोणा मिसेस रीजला बोलावत होते. मिसेस रीजने कृपया माहितीच्या काउंटरवर यावं. कोण ही बाई, कुठे हरवलीय, असं वाटून मधुमतीने मान वर करून आजूबाजूला पाहिलं. तिसऱ्यांदा त्या आवाजाने पहिलं नाव घ्यायचा प्रयत्न केला, मॅडुमॅटी, तेव्हा ती उठली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता, ते निघालेत, तुम्ही इथेच थांबायचंय. मुलीने तिला खुर्ची दिली. मुलीच्या डोळ्यांत एवढी कणव होती की मधुमतीने नजर दुसरीकडे वळवली.

शशिधर आला तेव्हा त्याने तिला पाहण्याआधी तिने त्याला पाहिलं. तो धावत होता. हाडांचा डॉक्टर असून स्वतःचा गुडघा त्याने कधी दाखवला नव्हता, आणि त्या गुडघ्याने तो कारपार्कमधून कॅम्पिंगच्या सँडल्स फटफटत धावत होता, केस उभे, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. काचेच्या दाराशी तो थांबला, आत आला, सगळ्या टेबलांवरून त्याची नजर फिरली, तिच्यावरून फिरली आणि पुढे गेली. मग परत आली.

‘मधू,’ तो म्हणाला.

त्याने तिचा दंड धरला, सोडला, काउंटरवरच्या मुलीला तीनदा थँक्यू म्हटलं. व्हॅन घरी ठेवून तो स्वतःची गाडी घेऊन आला होता. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली आणि फिरवली नाही. ‘तू ओरडली का नाहीस?’ त्याने समोर बघत विचारलं. ‘तू बघितलं असशीलच ना आम्हाला निघताना.’

‘ऐकू गेलं नसतं तुम्हाला,’ ती म्हणाली.

‘हो, ते इंजिन म्हणजे...’ तो घाईने म्हणाला. ‘जयंतला सांगितलं पाहिजे. आवाज फार करतं ते.’ आणि त्याने किल्ली फिरवली. डार्टफर्डच्या बोगद्यापर्यंत तो बोलत राहिला. अतुलने फोन ठेवला आणि मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो व्हॅनकडे गेला आणि पडदा ओढला. त्याची किंकाळी शेजारच्यांनीसुद्धा ऐकली. ‘तुझी झोपमोड नको म्हणून मी सबंध रस्ता रेडिओ लावला नाही, मधू. घरी आल्यावर म्हटलं, झोपू दे अजून, आधी सामान काढू. मी स्वतः जाऊन व्हॅनच्या खिडकीला टॉवेल लावून आलो, ऊन येत होतं म्हणून.’ त्याचा आवाज फाटला. बोगद्यातले पिवळे दिवे त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत होते आणि त्या उजेडात त्याचे गाल ओले होते. लग्नाला वीस वर्षं झाली, त्याला रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती. आता आपण त्याच्या हातावर हात ठेवायला हवा, असं तिला कळलं. तिने ठेवला. त्याने तो घट्ट धरला, इतका की गिअर बदलायला सोडावा लागला तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

अतुल जिन्यावर बसला होता. सतरा वर्षांचा, बापाहून उंच, आणि गुडघ्यांत मान. ‘आई, आय ॲम सो सॉरी. ती बाई म्हणाली मिसेस रेगे, आणि मला वाटला, नाही, आई तर आहे. मी बघितलाच नाही. मग मी पडदा काढला आणि तिथे नुसता दुलई होता.’ दुलई होती, असं ती एरवी लगेच म्हणाली असती. ‘तू रागावला माझ्यावर?’

‘नाही रे.’

‘रिअली?’

‘खरंच नाही.’

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि डोळे पुसले. ती खोटं बोलली नव्हती. राग शोधूनही सापडला नसता. आणि जिना चढून वर जाणाऱ्या मुलाच्या पाठीकडे बघताना तिला पहिल्यांदा जाणवलं, की ज्याला आपण रागावूही शकत नाही त्याच्यापासून आपण किती लांब गेलेलो असणार.

मीनल घरात नव्हती. शशिधर म्हणाला, व्हॅनमध्ये असेल, मी निघालो तेव्हाही तिथेच बसली होती. ऑगस्टची संध्याकाळ, अजून लख्ख उजेड होता आणि शेजारी कोणीतरी गवत कापत होतं. व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. तेरा वर्षांची मीनल खाली, बंकाला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. मधुमती आत चढून बंकाच्या कडेवर टेकली. मुलीने मान वर केली नाही.

‘घाबरलीस?’ मधुमतीने विचारलं.

‘मी तुझ्याशी बोलली,’ मीनल म्हणाली.

‘कधी?’

‘एम ट्वेंटी-फाइव्हवर. ट्रॅफिक थांबला होता. अतुल झोपला होता, बाबा पुढे होते. मी इथे बसली, अशीच, आणि तुला सगळं सांगितलं. आय टोल्ड यू एव्हरीथिंग.’ ती नखाने सँडलचा पट्टा खरवडत होती. ‘तू काहीच नाही बोलली. मला वाटलं, तू ऐकतेस. तू म्हणाली नाहीस, उद्या बोलू, किंवा, अभ्यासाकडे लक्ष दे. यू जस्ट लिसन्ड. मला इतकं बरं वाटलं ना, आई. मला वाटलं, आता झालं, आईला माहितीय.’

मधुमती तिथे असती तर काय म्हणाली असती, ते तिला अगदी शब्दशः माहीत होतं. डोकं दुखतंय गं, घरी गेल्यावर बोलू. आणि घरी गेल्यावर धुण्याचं मशीन लावलं असतं. त्या रिकाम्या दुलईने तिच्या मुलीचं ऐकून घेतलं होतं. आणि त्याच वेळी इकडे ती अर्धा बन खात, मुलंबाळं नाहीत, असं सांगत होती. ते ‘नाही’ आता तिच्या कानात वाजलं, अगदी तिच्याच आवाजात, आणि या वेळी त्यात काहीतरी खरखरलं.

‘मला परत सांगशील?’ तिने विचारलं.

‘इट्स फाइन.’

‘मीनू. सांग.’

‘तू मध्ये बोलशील.’

‘नाही बोलणार.’

‘यू विल. तू लगेच टीचरला फोन करणार.’

‘नाही करणार. नुसती ऐकेन.’

शेजारचं गवत कापायचं यंत्र बंद झालं. मग मीनल दाराबाहेर बघत, कोणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तशी बोलू लागली. ईस्टरपासून ती शाळेत जेवणाच्या हॉलमध्ये जात नव्हती. तिच्या त्या तिघी मैत्रिणी होत्या ना, ज्या वाढदिवसाला घरी आल्या होत्या, त्यांनी एक दिवस तिच्यासाठी जागा धरली नाही. दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली तर तिघी ट्रे उचलून उठल्या. तिच्या डब्याला वास येतो, त्या म्हणाल्या. मग तिने टॉयलेटमध्ये जेवायला सुरुवात केली. शेवटच्या दारामागे, पाय वर घेऊन, म्हणजे खालून बूट दिसत नाहीत. ‘तू पराठा द्यायचीस, तो हळू चावावा लागतो. क्रिस्प्स नाही खाता येत, आवाज होतो. डबा मी रोज संपवायची, आई. मी कधी टाकला नाही.’

रोज सकाळी तो डबा मधुमती भरत होती. सँडविच दे ना, असं मीनल एप्रिलमध्ये म्हणाली होती, आणि तिने म्हटलं होतं, थंड ब्रेड कसला खातेस, पराठा चांगला. रिकामा डबा परत आला की तिला बरं वाटायचं. संध्याकाळी सिंकमध्ये तो धुताना तिने कधी काही विचारलं नव्हतं. कितीतरी वाक्यं आता तिच्या तोंडाशी आली: त्या मुलींची नावं, हेडमिस्ट्रेसला भेटू, मला आधी का नाही सांगितलंस, बाळा. तिने दात आवळून धरले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. दुखत होतं. नेमकं कुठे ते सांगता आलं नसतं, पण दुखत होतं, आणि मीनलची पाठ हळूहळू मागे येऊन तिच्या गुडघ्यांना टेकली होती.

घराच्या दारातून शशिधरने हाक मारली, ‘मधू! अगं, कुठे आहेस?’ त्या आवाजात पुन्हा भीती होती.

मीनल बोलायची थांबली. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, आता ही उठणार अशा नजरेने. मधुमतीने हाकेला ओ दिली नाही. तिने मान हलवली, बोल, अशी, आणि मीनल पुढे सांगू लागली.